डाव्या रायफलीची नवी नळी

२०१७च्या सप्टेंबरात, न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात, शेजाऱ्यांच्या गराजमध्ये, माझ्या रायफलीची जुनी नळी अखेर सुटली. नट तीन दिवस तेलात भिजत होता. शेजारी सत्तरीचे, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी लांब पान्याला एकच झटका दिला. नट फिरला आणि मी श्वास सोडला.

रायफल सेकंडहँड होती, दुकानातली सर्वांत स्वस्त. मी डावखुरा आहे आणि तिचा बोल्ट डाव्या बाजूला होता, एवढेच ती घेण्याचे कारण. डावखुऱ्याला दुकानात निवड नसते. होती ती तीनशे आठ कॅलिबरची, वजनाला हलकी, त्यामुळे खांद्याला जबर धक्का देणारी.

त्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यांनी मला प्रथमच हरणाच्या शिकारीला डोंगरात नेले होते. धक्क्याच्या धास्तीने मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटले. हरिणी पळाली. ती जखमी झाली की नाही हे कळेना, म्हणून आम्ही तीन तास रक्ताचा थेंब शोधत फिरलो. सापडला नाही. परतताना गाडीत ते म्हणाले, "तुझी रायफल डावी, तू डावा, गोळीही डावीकडेच गेली. हे नीट होईपर्यंत मी तुला बरोबर नेणार नाही."

अट त्यांनीच घातली. शंभर मीटरवर तीन गोळ्या अशा लागल्या पाहिजेत की तिन्ही भोके जॅमच्या बाटलीच्या झाकणाखाली झाकली जातील. इथे सप्टेंबरात वसंत सुरू होतो, तेव्हा कोवळे गवत खायला हरणे उघड्यावर येतात. शेजारी येत्या रविवारी जाणार होते. शनिवारी अट पुरी झाली, तर मी बरोबर.

उपायही त्यांनीच सुचवला. सात मिलिमीटरचे एक काडतूस तीनशे आठच्याच पुंगळीचे तोंड अरुंद करून बनते. त्यामुळे बोल्ट तोच, मॅगझिन तेच, बदलायची फक्त नळी. धक्का बराच कमी. गुरुवारी संध्याकाळी नवी नळी बसवली. पोलादाची दोन खोटी काडतुसे असतात, त्यांना गेज म्हणतात. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. पहिल्यावर झाला. दुसऱ्यावर नाही.

"स्वीट ॲज," म्हणजे झकास, ते म्हणाले. त्यांच्या लेखी ते भाषण होते.

शुक्रवारी खंडेनवमी होती. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. सकाळी तिने पाटावर माझा लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मांडल्या.

"ती बंदूक आण," ती म्हणाली.

"आई, तुला तर ती घरात असलेलीही चालत नाही."

"नाहीच चालत. पण आहे ना घरात? मग कुंकू लागणार."

मी कपाट उघडून रायफल आणली. बोल्ट काढून आतच कुलपात ठेवला; तो नियम मी कधी मोडला नाही. आईने नळीला हळद-कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले, अक्षता वाहिल्या. पूजेतले हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून रायफल दिवसभर तिथेच राहिली आणि मीही तिच्यासमोर घरीच बसलो. संध्याकाळी बाहेरचे कुंकू पुसून ती कपाटात ठेवली.

शनिवारी दसरा. निघताना आईने हातावर दही घातले. मी डावा हात पुढे केला होता.

"उजवा," ती म्हणाली. चाळीस वर्षे ती हेच म्हणत आली आहे.

नेमबाजीच्या रेंजवर आमची जागा बारापर्यंतच राखलेली होती. अकराला मी पहिले काडतूस आत सरकवले. बोल्ट बंद होईना. मी जोर लावणार, तेवढ्यात शेजाऱ्यांनी मनगट धरले. "जोर नाही." त्यांनी गेज घातले. गुरुवारी ज्यावर बोल्ट बंद झाला होता, त्यावरही आता होत नव्हता.

त्यांचा चेहरा उतरला. "नट आवळताना नळी आत फिरली असणार. चूक माझी. घरी नेऊन पुन्हा खोलावी लागेल."

म्हणजे शनिवार गेला, आणि त्याबरोबर रविवारही. पण गुरुवारी गेज नट आवळल्यानंतरच लावले होते, हे मला आठवत होते. मी बोल्ट काढला आणि मागून टॉर्च मारला. काडतूस बसते त्या जागी काहीतरी लाल दिसले.

"गंज?" त्यांनी विचारले.

मी समोरून सळई घातली. चटईवर दोन दाणे पडले.

"तांदूळ," मी म्हणालो.

"तांदूळ?"

"आईने काल पूजा केली. रायफलीची."

त्यांनी एक दाणा बोटावर घेऊन चष्म्याजवळ नेला. "पन्नास वर्षांत मी यंत्रांतून उंदीर काढले, सँडविच काढले, एकदा कोणाची तरी कवळी काढली," ते म्हणाले. "जेवण प्रथमच."

नळी पुसली. एका गेजवर बोल्ट बंद झाला, दुसऱ्यावर नाही. साडेअकरा झाले होते. पंचवीस मीटरवर रायफलीवरची दुर्बीण जुळवण्यात चार गोळ्या गेल्या, मग शंभरावर कागद लावला. पहिली गोळी सुटली तेव्हा धक्का खांद्यावर कोणी हात ठेवावा तेवढाच आला. दुसऱ्या गोळीला मला कागद थरथरताना दिसला. म्हणजे डोळे उघडे होते. तिसरीनंतर मी उठलो आणि सगळ्यांचा गोळीबार थांबून रेंज मोकळी व्हायची वाट पाहत उभा राहिलो. ती पाच मिनिटे लांबली.

कागदाशी पोहोचल्यावर शेजाऱ्यांनी खिशातून झाकण काढले आणि भोकांवर ठेवले. एकही भोक दिसेना. त्यांनी झाकण उचलले, पाहिले, पुन्हा ठेवले.

संध्याकाळी ते घरी आले. आपट्याची पाने नव्हती. आईने कुंपणाच्या झुडपाचे पान त्यांच्या हातावर ठेवले आणि हे सोने आहे, असे मला सांगायला लावले. त्यांनी ते टोपीत खोचले.

"पहाटे पाचला निघू," ते मला म्हणाले. "नळीतून एकदा बघून घे."

आईला मी मराठीत सांगितले.

"आता नाही टाकले मी काही," ती म्हणाली आणि डब्यासाठी कणीक मळायला आत गेली.