उसन्या लेखांची वेबसाइट

डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, जातीचे दाखले, पीकविमा असली कामं. येणारे बहुतेक शेतकरी, म्हणून एका उन्हाळ्यात डोक्यात आलं की आपल्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी मराठीत वेबसाइट काढावी. काढली. नाव ठरलं, चिकूच्या बागेचा फोटो लागला, आणि मग लक्षात आलं की आत घालायला काहीच नाही. शाळेतल्या निबंधापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

शोधता शोधता फुकट लेख देणाऱ्या साइट सापडल्या. लेख उचलायचा, आपल्या साइटवर टाकायचा, पैसे नाहीत. अट एवढीच की खाली लेखकाचं नाव आणि त्याच्या साइटची लिंक ठेवायची आणि मजकुरातला एक शब्दही बदलायचा नाही. मला सोनं सापडल्यासारखं झालं. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की मी दोन-तीन लेख चिकटवायची. गांडूळखत, शेळीपालन, ठिबक, गच्चीवरचे गुलाब. महिन्याभरात साइट गच्च भरली. सरावलीला घरी जाताना रिक्षात बसून मी मोबाइलवर आपलीच साइट वर-खाली करून बघायची आणि खूश व्हायची.

जूनच्या अखेरीस एक मावशी दुकानात आल्या. पन्नाशीच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, सोबत सून. तळासरीकडच्या डोंगरातल्या गावातून एसटीनं आल्या होत्या. मला वाटलं फॉर्म भरायचा असेल. सुनेनं मोबाइल पुढे केला. माझीच साइट. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, आधुनिक लागवडीवरचा लेख.

“हे तू लिवलंस?” मावशींनी विचारलं.

“नाही हो. तो फुकटचा लेख आहे. खाली बघा, लिहिणाऱ्याचं नाव आहे.”

“नाव कुणाचं का असेना. दुकान तर तुझं हाय ना?”

सुनेनं सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठले. तिनंच तो लेख सासूला वाचून दाखवला होता. रोपं करू नका, बी थेट ओळीत पेरा, मजुरी वाचेल, असं त्यात होतं. मावशींनी उताराच्या जमिनीचा एक कोपरा तसा पेरून बघितला. एका जोरदार सरीत सगळं बी मातीसकट खाली ओढ्यात गेलं.

“बाकीचं रान मी माझ्या रीतीनंच ठेवलंय, म्हणून वाचले,” मावशी म्हणाल्या. “पण दुसऱ्या कुणी सगळंच पेरलं तर?”

लेख खोटा नव्हता. कुठल्यातरी सपाट, काळ्या जमिनीसाठी तो बरोबरच असणार. पण मी तो आमच्या डोंगरातल्या बायकांपुढे ठेवला होता, तोही स्वतः न वाचता. लाजेनं माझे कान तापले. त्यांच्यासमोरच तो लेख काढून टाकला. दुरुस्त करायची तर सोय नव्हती, एक शब्दही बदलायचा नाही ही अटच होती.

“मावशी, तुमची रीत मला सांगाल? मी लिहिते.”

त्या हसल्या. “सांगून काय कळंल? आवणीला ये. हातानं कर, मग लिव.”

आवणी म्हणजे रोपांची लावणी. जुलैत एक दिवस दुकान बंद ठेवून मी गेले. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पायात चुकीच्या चपला. मावशींनी हातात टोकदार काठी दिली. काठीनं भोक पाडायचं, शेणकाल्यात बुडवलेली दोन रोपं आत सोडायची, पायानं माती दाबायची, पुढे सरकायचं. मी दोनदा घसरले. सोबत लावणी करणाऱ्या बायका मनमुराद हसल्या. त्या आपसात वारलीत बोलायच्या, सून मला मराठीत सांगायची, आणि कुठलं रोप फेकायचं, कुठलं ठेवायचं हे मात्र मावशी न बोलता हातानंच दाखवायच्या.

लेख लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिला खर्डा मी त्या उसन्या लेखांच्या भाषेत लिहिला आणि फोनवर वाचून दाखवला.

“हे कोण बोलतंय?” मावशींनी विचारलं. “मी अशी बोलते?”

दुसरा ऐकून म्हणाल्या, “भोक कोण पाडतं तेच नाय लिवलंस. बाया पाडतात. लिव.”

चौथा त्यांनी मला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावला. मग त्या म्हणाल्या, “आता बरोबर.”

मी तो लेख साइटवर चढवला. खाली त्यांचं नाव, गावाचं नाव, आणि अट: कुणीही फुकट घ्या, नाव मात्र काढू नका. एवढे दिवस अटीच्या ज्या ओळी दुसऱ्यांच्या लेखांखाली वाचल्या, त्या स्वतः टाइप करताना माझा ऊर भरून आला.

दिवाळीच्या सुमारास गुजरातेतून एका गृहस्थाचा फोन आला. सीमेपलीकडच्या डोंगरी भागासाठी ते गुजरातीत साइट चालवतात. लेख भाषांतर करून घेऊ का, म्हणाले. नंतर दक्षिण कोकणातल्या एका साइटनं घेतला. मी प्रत्येक वेळी उघडून आधी तळाशी बघायची. मावशींचं नाव जागेवर असायचं.

पुढच्या उन्हाळ्यात कोसबाडला शेतकऱ्यांचा मेळावा होता. एका पाहुण्या तज्ज्ञांनी पडद्यावर नागलीची माहिती लावली. मी आणि मावशी मधल्या रांगेत होतो. पाहुणे वाचू लागले, आणि तिसऱ्याच वाक्याला मी मावशींचा दंड घट्ट धरला. आमचा लेख होता. कोकणातल्या साइटवरून त्यांनी घेतला होता. शेवटी त्यांनी मावशींचं नाव वाचलं आणि म्हणाले, “या बाई कोण, मला माहीत नाही, पण उताराच्या नागलीवर इतकं नेमकं मी कुठे वाचलं नाही.”

“त्या इथंच आहेत!” मी उभी राहून ओरडले. एरवी चारचौघांत माझा आवाज फुटत नाही.

सगळं सभागृह आमच्याकडे वळलं. पाहुण्यांनी मावशींना पुढे बोलावलं. त्या गेल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, “काठी असती तर करूनच दावलं असतं.” टाळ्या थांबेनात. मग त्या वीस मिनिटं बोलल्या, पाहुणे वहीत लिहून घेत होते, आणि सून मोबाइलवर सगळं टिपत असताना एका हातानं डोळे पुसत होती.

जेवणाच्या सुट्टीत बायकांनी मला घेरलं. एकीला कडू वालांचं सांगायचं होतं, एकीला बी किड्यांपासून राखण्याचं. किनाऱ्याकडून आलेली एक जण म्हणाली, “सुकट वाळवायचं माझ्याकडून घे, पण मी बोलेन तसंच लिहायचं हं!” माझी वरणभाताची पत्रावळ हातातच राहिली. मी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पर्समधून वही काढली आणि म्हटलं, “एकेक जण बोला. आधी नाव सांगा.”