रेघेपर्यंत पाणी

हिशेब मला कधीच जड गेला नाही, हे आधीच सांगून टाकते. खोटा विनय मला जमत नाही. चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेतल्या नोकरीची परीक्षा होती. जागा एक, उमेदवार दोघं: शहरातल्या छावणी भागातून इस्त्रीचा कोट घालून आलेला एक पदवीधर आणि मी, दौलताबादजवळच्या मेंढपाळांच्या वाडीवरची पहिली बी.एस्सी. नोकरी नाही मिळाली तर येत्या उन्हाळ्यात लग्न, असं घरी ठरलेलं. मला लग्न नको होतं, नोकरी हवी होती.

साहेबांनी मिठाच्या पाच मोलर तीव्रतेच्या द्रावणाची बाटली पुढे ठेवली. "यातून पॉइंट पंधरा मोलरचं पाचशे मिली करा. अर्धा तास."

मी कागदसुद्धा घेतला नाही. पॉइंट पंधरा गुणिले पाचशे, भागिले पाच. पंधरा मिली. शेजारच्यानेही तेच काढलं, पण त्या पंधरात त्याने मोजून पाचशे मिली पाणी घातलं. झालं पाचशे पंधरा! मला हसूच आलं. ही चूक आमच्या घरात कुणी केली नसती.

माझे वडील अंगठेबहाद्दर. मेंढरांसाठी गोचिडाचं औषध कालवायचे, त्या बादलीत त्यांनी आतून डांबराची रेघ मारलेली. आधी औषध, मग रेघेपर्यंत पाणी. पाणी वेगळं मोजायचंच नाही. माझ्या पाचशे मिलीच्या फ्लास्कच्या बारीक मानेवरही तशीच रेघ होती, काचेत कोरलेली.

पण हसण्याच्या नादात माझाच हात सुटला. पाणी रेघेच्या वर गेलं, जेमतेम दोन थेंब. साहेब खिडकीशी पाठमोरे. पिपेटच्या नळीने दोन थेंब ओढून घेतले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

माझ्या बापाला कळलं असतं. एकदा बादलीत पाणी जास्त झालं तेव्हा आई म्हणाली होती, "वरचं सांडून द्या की." त्यांनी अख्खी बादली खड्ड्यात ओतली. "वरच्या पाण्यासंगं औषध बी जातं. पातळ झालं तं गोचीड मरत नाय. मेंढराला अंदाज चालत नाय."

मी फ्लास्क मोरीत रिकामा केला. सात मिनिटं उरली होती. धुतला, पुन्हा पंधरा मिली घेतले, शेवटचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं.

"का ओतलंत?" मागून साहेबांचा आवाज आला. मी बादलीची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारपासून या."

घरी वडील एवढंच म्हणाले, "सालभर कर. मंग लगीन."

दिवाळीनंतर एकदा ते कारखान्यात आले. चपला दाराबाहेर काढल्या. मी फ्लास्क हातात दिला, तर त्यांनी मानेवरच्या रेघेवरून नख फिरवलं.

"लई बारीक हाय."

"व्हय."

"वर गेलं तं?"

"ओतून देते."

मग त्यांनी दोन्ही हातांनी जपून फ्लास्क माझ्याकडे परत दिला.

"सालभराचं म्हणलो व्हतो, ते सोड," ते म्हणाले. "तुला वाटतंय तंवर कर."