विहीणबाईंची जागा

जिना चढताना राहीबाईंची छाती भरून यायची, पण कुणी विचारलं की त्या "बरं हाय" म्हणून मोकळ्या व्हायच्या. दुखणं परक्यापुढे मांडायचं नसतं, हे साताऱ्याकडचं वळण खांदेश्वरच्या फ्लॅटमध्येही सुटलं नव्हतं. शेवटी सून वैष्णवीने सारखे फोन करून हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळवली.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने वैष्णवीला विचारलं, "तुमच्या ऑफिसचा विमा ना? त्यात आईवडील किंवा सासूसासरे, एकाच जोडीचं नाव लागतं. कुणाचं दिलंय?"

"सासूसासऱ्यांचं," वैष्णवी म्हणाली.

राहीबाई चमकल्या. "आन् तुझ्या आईचं गं?"

"तिला काही झालेलं नाही. धापा तुम्ही टाकताय, आई. चला आत, आणि डॉक्टरांना 'बरं हाय' सांगाल तर बघा!"

आत राहीबाईंनी सगळं सांगितलं, सुनेपासून लपवलेली डाव्या हातातली कळसुद्धा. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. औषधांनी भागेल."

बाहेर येताच राहीबाईंनी वैष्णवीला तिच्या आईचा फोन लावायला सांगितला.

"विहीणबाई, तुमची जागा मी अडवली की हो. मला आज कळलं."

"अडवली कसली? मीच म्हटलं पोरीला, 'सासूचं नाव घाल. त्या धडधाकट राहिल्या तरच तुझं लेकरू सांभाळतील आन् तुझी नोकरी टिकंल!' ते जाऊ द्या, डॉक्टर काय म्हणाले?"

राहीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि तिथल्याच बाकावर बसून विहिणीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.