भाऊचा बिनमैद्याचा ब्रेड

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अल्लीपूरच्या घरी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोन कुसुमवहिनीचा होता. माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी पाणी मागत होतं. मग वहिनी म्हणाली, "ताई, तुमचे भाऊ भट्टीजवळ बसले होते... बसल्या बसल्याच गेले." माझ्या हातातला फोन सून पल्लवीने घेतला आणि पुढचं सगळं तीच बोलली. लगेच गाडी करून आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला, भाऊच्या गावी निघालो. पोचलो तेव्हा त्याच्या बेकरीसमोर माणसं उभी होती आणि आत सकाळच्या पावांचे ट्रे तसेच मांडणीवर होते. ते कुणी उचलावेत हेही कुणाला सुचलं नव्हतं.

तेरवीला मंडप भरला होता. जेवणं झाल्यावर काहीजण भाऊबद्दल बोलायला उभे राहिले. त्यातल्या, आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांनी मनापासून सांगितलं, "प्रभाकरभाऊंनी जन्मात कधी कशात काही मिसळलं नाही." माणसांनी माना हलवल्या. मी वहिनीकडे पाहिलं, तिने खाली पाहिलं. ते खरं नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की भाऊ असता तर तोच सगळ्यांआधी उठून म्हणाला असता, "नाई जी, मिसळलं होतं." त्या हार घातलेल्या फोटोसमोर माझं तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. आपला भाऊ नसलेल्या गुणासाठी आठवला जावा याची मला लाज वाटू लागली... म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या बाबांनी काढलेली ती बेकरी. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई, एवढाच माल. आम्ही दोघं भावंडं त्या वासात वाढलो. भाऊ माझ्याहून मोठा. बाबा गेल्यावर भट्टी त्याच्या हाती आली आणि मी लग्न होऊन अल्लीपूरला गेले. सासरी शेती, घरात भाकरी-पोळीला तोटा नाही, पण सकाळच्या चहात टोस्ट बुडवल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. भाऊला ते माहीत होतं. कुणी ना कुणी वर्ध्याहून आमच्या गावाकडे येणारं असायचंच, आणि त्याच्याबरोबर टोस्टचा पुडा यायचा. नवऱ्यामागे, मुलांच्या लग्नांनंतर, सगळ्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत तो पुडा चुकला नाही.

मग मला शुगर निघाली. डॉक्टरांनी टोस्ट, खारी, ब्रेड सरळ बंद करायला सांगितलं. भाताचं मला काही वाटलं नाही, साखरेचंही नाही. पण टोस्ट सुटेना. एकदा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मी घाईघाईने टोस्ट खात होते आणि पल्लवी आत आली. ती उलट पावली निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नातवंडं असलेली बाई दाराआड उभी राहून चोरून खाते... त्या दिवशी मी भाऊला फोन केला आणि सांगता सांगता रडले. एका टोस्टापायी!

भाऊ हसला नाही. म्हणाला, "रडू नको वं शोभे. थांब, मी काईतरी पाह्यतो."

त्याचं पाहणं म्हणजे महिनाभर भट्टीपाशी चाललेली झटापट. आधी त्याने मैद्याऐवजी सोयाबीनचं पीठ घेतलं, त्याचा उग्र वास जाईना. शेंगदाण्याच्या कुटाचे टोस्ट केले, ते तेल सुटून बसले. शेवटी तो जवसावर आला. आपल्याकडे घराघरात जवसाची चटणी असते, पण त्याचा टोस्ट करावा हे कुणाच्या डोक्यात येणार? जवस भिजवला की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, आणि तो चीकच सगळं धरून ठेवतो, पिठाची गरज पडत नाही. त्यात तीळ, जिरं, ओवा, मीठ घालून भाऊने ते ट्रेवर पातळ पसरलं आणि पावांचं काम आटोपल्यावर भट्टीत जी धग उरते तिच्यात ठेवून दिलं. निघाल्या त्या कडक, काळपट, खमंग पापड्या. तो स्वतः बसने घेऊन आला. मी एक मोडली. कडाड्कन आवाज झाला. त्या आवाजानेच माझे डोळे भरून आले, कारण टोस्ट मोडतानाचा आवाज तसाच असायचा.

तिथे थांबलो असतो तर... पण मीच म्हटलं, "भाऊ, असाच ब्रेड होईन का रे?"

ब्रेड सोपा नव्हता. जवसाचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, इसबगोल आणि अंडी घातली की जमतो, असं त्याला करून करून समजलं होतं. पण मी अंडं खात नाही. अंड्याशिवायचा ब्रेड वरून करपायचा आणि मधे ओला राहायचा, सुरी लावली की भुगा. तरी त्याने कसाबसा धरून राहील असा एक घट्ट ब्रेड केला, विटेसारखा जड. मी तो आवडीने खाल्ला. शुगर आटोक्यात राहिली. ही गोष्ट सिंदी मेघेत पसरली आणि शुगर असलेली माणसं बेकरीत विचारायला येऊ लागली. भाऊने दाराशी पाटी लावली, 'बिनमैद्याचा ब्रेड मिळेल'. वर्ध्याहूनही माणसं यायला लागली. त्यातले बरेचजण माझ्यासारखेच, अंडं नको म्हणणारे. भाऊ खुशीत होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'तुमच्यामुळे' म्हणत होतं.

पावसाळा लागल्यावर माझ्याकडे येणारा ब्रेड बदलला. मऊ झाला, हलका झाला, कापला की सरळ काप निघायचे. मी फोनवर म्हटलं, "भाऊ, आताचा तं मस्तच झाला. अगदी आपल्या पावासारखा लागते." तो फक्त "हं" म्हणाला. मला वाटलं, गिऱ्हाईक समोर असेल.

दिवाळीनंतर तपासणी केली तर शुगर वाढलेली. गोळी वाढवली, तरी पुढच्या खेपेला आणखी वर. डॉक्टर दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले, "आजी, खोटं बोलून तुम्ही मला नाही, स्वतःला फसवता." बाकावर बसलेल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी शपथेवर सांगत होते की मी गोड खात नाही, आणि सांगता सांगता माझा माझ्यावरच विश्वास उडत होता. कधी नकळत काही तोंडात टाकते का मी? घरात मुलगा डबे वरच्या फळीवर ठेवू लागला. प्रत्येक डबा वर जाताना मला दिसत होता.

एक दिवस पल्लवी जवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, तुमी चोरून खात नाई, मले माहीत हाय. बाकी सारं आपण तपासलं. मामाजींचा ब्रेड थोडे दिवस बंद करून पाह्यचा का?"

मी तिच्यावर कडाडले. "माह्या भावावर संशय घेते? त्यानं माह्यासाठी भट्टीसमोर महिना काढला, अन् तू..." ती उठून गेली. आणि मी लगेच भाऊला फोन लावून तिची तक्रार केली. "पाह्य न भाऊ, ही पोरगी काय म्हणते! म्हणते तुह्या ब्रेडनं शुगर वाढून राह्यली." मला वाटलं, तोही चिडेल. तो एवढंच म्हणाला, "मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला तो हात हलवत. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच पुडा न घेता आला होता. दारातच उभा राहिला, चप्पल काढली नाही. माझ्याकडे नाही, पल्लवीकडे पाहून म्हणाला, "पोरी, तू बरोबर होती. त्या ब्रेडमंदी मैदा हाय."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मी म्हटलं, "काऊन टाकला भाऊ?"

"तुटत होता वं. पावसाळ्यात तं भाजलाच जाये ना. लोक परत आणून दाखवत. आधी मूठभर टाकला, म्हटलं एवढ्यानं काय होते. मंग हात थांबलाच नाई... आता अर्धा मैदाच हाय."

"अन् माह्या ब्रेडमंदी?"

तो खाली बघत राहिला. "तोच. रोज म्हणो, शोभाचा वेगळा करतो. अन् रोज राहून जाये. तू फोनवर म्हणाली, मस्त झाला. तवाच सांगाले पाह्यजे होतं मले. नाई सांगू शकलो."

पल्लवीने पाण्याचा तांब्या आणला. "मामाजी, आंदर या. बसा." तो आत आला नाही. पायरीवर बसला, पाणी हातात धरून. प्यायला नाही. मी त्याला काय म्हणावं? दवाखान्यात माझी जी शोभा झाली होती ती याच्यामुळे. पण पायरीवर बसलेला तो पाठमोरा म्हातारा पाहून मला त्याला आणखी लाजवावंसं वाटेना, त्याच्याजवळ लाज आधीच माझ्याहून जास्त होती. मला खरी शरम वाटत होती ती पल्लवीची. जिने एकटीने माझ्यावर विश्वास ठेवला तिलाच मी घालूनपाडून बोलले होते. त्या दुपारी मी तिला ओट्याजवळून उठवलं आणि तिचं पान आधी वाढलं. ती हसली. आमच्यात त्यावर एवढंच बोलणं झालं.

भाऊ जाताना म्हणाला, "शोभे, तू येजो बेकरीत. साऱ्याइले सांगतो मी. एकट्यानं नाई होणार माह्यानं."

मी गेले. पाटी त्याने आधीच उतरवली होती. मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले आणि दिवसभर तो जो ब्रेड मागायला येईल त्याला सांगत राहिला, "त्यात मैदा होता जी. मी टाकत होतो. तुमी शुगर तपासून घ्या." प्रत्येक वेळी तेच, तितक्याच हळू आवाजात, आणि प्रत्येक वेळी कान लाल. एका निवृत्त मास्तरांनी पिशवीची घडी घातली आणि ते निघून गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत. एक बाई रस्त्यावर जाऊन मोठ्याने बोलली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ऐकलं. भाऊने ऐकून घेतलं. पण त्याला सगळ्यात लागलं ते एका माणसाचं बोलणं. तो आरामात म्हणाला, "जाऊ द्या न भाऊ, आजकाल कोन नाई टाकत? चवीले बेस होता, तोच द्या." भाऊने त्याला हात जोडले. तो गेल्यावर भाऊ मागे भट्टीच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनी म्हणाली, "शिव्या खाल्ल्या तं उभे राह्यले. माफी मिळाली तं बसले."

ब्रेड त्याने कायमचा बंद केला. "माह्यानं नाई जमत बिनमैद्याचा," एवढं साधं वाक्य, पण ते म्हणायला त्याला एवढ्या खस्ता खाव्या लागल्या. जवसाच्या पापड्या मात्र तो करत राहिला, कारण त्यांना धरून ठेवायला दुसरं काही लागतच नाही. माझी शुगर हळूहळू खाली आली. प्रत्येक तपासणीनंतर मी त्याला कळवायची. आकडा ऐकून तो "बरं" म्हणायचा, कधी "वा" नाही. आनंद दाखवायचा आपल्याला हक्क उरला नाही, असं त्याला वाटत असावं. भाऊबीजेला मी ओवाळताना तो ताटातल्या दिव्याकडे पाहत राहायचा. गेल्या खेपेला मी म्हटलं, "भाऊ, माह्याकडे पाह्य. माह्या मनात काई नाई." तो म्हणाला, "तुह्या मनात नाई, म्हणूनच तं..." आणि त्याने ओवाळणी ताटात टाकली. शेवटची आमची भेट तीच.

परवा मी सिंदी मेघेला गेले होते. बेकरी आता वहिनी चालवते. पाव-टोस्ट बाहेरून घेऊन ठेवते, पण पापड्या स्वतः करते. मी पोचले तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत जवसाच्या चिकाने भरलेले होते आणि केसांना तीळ लागले होते. मी तेरवीतलं बोलणं काढलं. म्हटलं, "वहिनी, आपण तवा बोलाले पाह्यजे होतं." ती म्हणाली, "हो. मलेही दोन रात्री झोप नाई आली." मग आम्ही दोघींनी मिळून जवसाचं मिश्रण ट्रेवर पसरलं.

तेवढ्यात एक नवीन बाई आली, या भागात नुकतीच राहायला आलेली असावी. तिला मागचं काहीच माहीत नव्हतं. बरणीतल्या पापडीचा तुकडा चाखून तिने विचारलं, "याच्यात मैदा नाही ना?"

नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. पण त्या दिवसापासून भाऊने हे उत्तर कधी अर्धं दिलं नव्हतं, समोरचा ओळखीचा असो की नवा. वहिनीने हात पदराला पुसले. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

"याच्यात नाई," ती म्हणाली. "पण आमच्या ब्रेडमंदी होता बाई. न सांगता टाकत होतो आमी. आता तो ब्रेड करत नाई. घ्यायच्या तं घ्या."

बाईने पापडीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाली, "पावशेर द्या."