टेबलाच्या टोकाची टोपी

मिलार्ड उनरू हा आमच्या टर्की क्रीक कॉलेजचा फुटबॉल कोच. शिवाय संघाच्या बसचा ड्रायव्हरही तोच, मैदानावरचं गवत कापणाराही तोच, आणि कपडे धुण्याचं मशीन बिघडलं की धोबीही तोच. मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कॅन्ससच्या या गव्हाच्या मुलखात माझे केस पांढरे झाले, पण ज्या खेळात चेंडू सगळा वेळ हातात असतो त्याला फुटबॉल का म्हणतात, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. मिलार्डला विचारलं की तो म्हणायचा, "प्रोफेसर, तुम्ही मुलांना नापास करा, आम्हाला हरू द्या. ज्याचं काम त्याने करावं."

हरण्यात मात्र आम्ही वाकबगार होतो. कारण चांगला पोरगा आमच्याकडे येतोय कशाला? मोठ्या विद्यापीठांची मैदानं आमच्या अख्ख्या जिल्ह्याला पोटात घेतील एवढी. आमच्या मैदानाला एका बाजूला उतार आहे, आणि पलीकडच्या शेतातली गुरं मध्यंतरात येऊन चरून जातात.

फेब्रुवारीत इथे एक सोहळा असतो. शाळा संपवणारा नावाजलेला खेळाडू शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या दालनात, टेबलामागे बसतो. ज्या ज्या कॉलेजांनी त्याला मागणी घातली, त्यांच्या टोप्या समोर मांडलेल्या असतात. आई डोळे पुसते, टीव्हीवाले कॅमेरे रोखतात, पोरगा एक टोपी उचलून डोक्यावर ठेवतो आणि तिकडचा होतो. थोडक्यात स्वयंवरच, फक्त नवरी माळ स्वतःच्याच गळ्यात घालते.

आता आमचं गोशेनफेल्ट हे मेनोनाइट लोकांचं, म्हणजे एका साध्या, भांडण टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं गाव. इथे एखाद्याला चारचौघांत चुकलास म्हणणं हे चोरीपेक्षा वाईट. एकदा पाद्रीबुवांनी एका अंत्यविधीत मेलेल्या माणसाऐवजी त्याच्या जिवंत भावाच्या नावाने अख्खी प्रार्थना म्हटली. तो भाऊ पहिल्या बाकावर मान खाली घालून बसून राहिला, आणि नंतर पाद्र्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "फार छान बोललात." अशा गावात गावचंच कॉलेज वगळून टोप्या मांडणार कोण? म्हणून प्रत्येक पोराच्या टेबलावर, अगदी टोकाला, टर्की क्रीकची टोपी असायचीच. ती उचलायची मात्र पद्धत नव्हती.

टोपी एकच. मोहरीच्या रंगाची. तिच्यावर टर्की पक्षी शिवलेला आहे, पण शिवणाऱ्या बाईने समोर कोंबडी ठेवली असावी. दर फेब्रुवारीत मिलार्ड ती खोक्यात घालून न्यायचा आणि खोक्यात घालून परत आणायचा. मग त्याची बायको लुएला ती धुवायची आणि आकार बिघडू नये म्हणून पीठ मळायच्या मोठ्या भांड्यावर उपडी घालून खिडकीत वाळवायची आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तशीच ठेवायची. वर्षानुवर्षं ते भांडं टोपीत अडकलेलं असायचं आणि लुएला पाव लहान भांड्यात मळायची.

गेल्या वर्षी मिलार्ड निवृत्त व्हायचा होता. जानेवारीत एकदा माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसला आणि म्हणाला, "एकदाच, प्रोफेसर. एकदाच ती टोपी बरोबर न घेता घरी यायचंय. बास. मग मी गवत कापत मरायला मोकळा."

त्याची नजर होती जॅरेट श्रागवर. जॅरेट म्हणजे आमच्या भागातला अजस्र पोरगा. दारातून आत येताना तो आधी माफी मागायचा, मग वाकायचा. आवाज मात्र कोकरासारखा. एका मोठ्या विद्यापीठाला तो हवा होता, आणि त्यालाही तेच विद्यापीठ हवं होतं. लहानपणापासून त्याच्या खोलीत त्यांचा निळा झेंडा लावलेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मिलार्डलाही होतं. पण आशा वाईट.

कॉलेजची अभ्यासू बाजू दाखवायला म्हणून मिलार्ड मला श्रागांच्या शेतावर घेऊन गेला. जॅरेटची आई डोना हिने बिरॉक केले होते, म्हणजे कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव. आम्ही पहिला घास घेतो न घेतो तोच घर हादरायला लागलं. मोठ्या विद्यापीठाचा कोच हेलिकॉप्टरने आला होता आणि कोवळ्या गव्हात उतरला होता. गाई कुंपण मोडून पार रस्त्याला लागल्या.

"गव्हाचं काही वाटून घेऊ नका," डोना त्याला दारातच म्हणाली. "तसाही तो तिथे बरा येत नाही."

तो चकचकीत बूट घालून आत आला, बिरॉकला हात लावला नाही, आणि जॅरेटला म्हणाला, "आमच्याकडे तुझ्या मापाचं हेल्मेट बनवून मिळेल. तुझी स्वतःची झोपायची खोली, स्वतःचा स्वयंपाकी. " मग मिलार्डकडे वळून, "तुमच्याकडे काय आहे हो, कोच?"

मिलार्डने विचार केला. "आमच्याकडे उतार आहे," तो म्हणाला. "नाणेफेक जिंकली तर फायदा होतो." आणि उठून गाई हाकायला गेला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं गाई गोळा करत होतो. त्याला तेवढंच जमलं, आणि मला तेही नाही.

सोहळ्याच्या दिवशी जिम भरून गेलं. बँड सज्ज. टेबलावर दिमाखात निळी टोपी, मग आणखी एका विद्यापीठाची लाल, आणि टोकाला आमची कोंबडी. जॅरेटने सगळ्यांचे आभार मानले आणि हसत निळी टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

ती बसेना. डब्यावर वाटी ठेवावी तशी वरच डुगडुगत राहिली. त्याने दाबली. मागचा पट्टा तटकन तुटला आणि टोपी मांडीवर पडली. जिममध्ये एकही माणूस हसला नाही. आमच्या गावात हसतच नाहीत, नंतर घरी जाऊन हसतात. घाबरून त्याने लाल टोपी घालून पाहिली. तीही घसरून पडली.

"जॅरेट," डोना दातांतल्या दातांत म्हणाली, "काहीतरी घाल रे बाबा. टीव्हीवाले थांबलेत."

घामाघूम झालेल्या पोराने शेवटची टोपी उचलली आणि ती कानांपर्यंत सुळकन बसली. भांड्यावर वर्षानुवर्षं वाळून ताणलेली टोपी ती, न बसून करते काय! कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली, कारण वाजणाऱ्या टाळ्यांत आपण एकट्यानेच न वाजवणं बरं दिसत नाही. बँड सुरू झाला. टीव्हीवाली बाई ओरडली, "टर्की क्रीक!"

जॅरेटचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तो या गावचा पोरगा. एवढी माणसं आनंदाने टाळ्या वाजवत असताना तुमचं चुकतंय म्हणून सांगायचं कसं? तो उठून मिलार्डला म्हणाला, "थँक्यू, कोच उनरू. मला फार आनंद झालाय." आणि त्याचे डोळे भरले.

मिलार्डचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. माणूस वीस वर्षांनी लहान झाला होता. मग त्याची नजर खाली गेली. जॅरेटने डाव्या हातात, टेबलाखाली, ती तुटकी निळी टोपी मुठीत घट्ट धरली होती.

मिलार्ड काय करणार हे मला कळलं आणि मी मागून त्याचा कोट धरला. "गप्प बस," मी म्हणालो. "देवाने दिलंय, घे."

त्याने कोट सोडवून घेतला आणि माइकपाशी गेला. "ऐका जरा. बँड थांबवा," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचं चुकतंय. पोराने मला निवडलेलं नाही. त्याचं डोकं मोठं आहे, एवढंच."

एक म्हातारी खालीच बसली. तोंडावर चुकलात म्हणणारा माणूस गोशेनफेल्टने पहिल्यांदाच पाहिला होता. जॅरेटने मोठ्या विद्यापीठाच्या कागदावर सही केली आणि ढसाढसा रडला. मिलार्ड टोपी न्यायला त्याच्यापाशी आला, तसे त्या पोराने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"कोच, ही मला राहू द्याल? मला बसणारी टोपी आजवर मिळालीच नव्हती."

"जॅरेट! असं मागतात का?" डोना म्हणाली.

"राहू दे," मिलार्ड म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी त्याला मूर्ख म्हणालो, गाढवही म्हणालो. मला खरंच फार राग आला होता, आणि रडूही येत होतं. लुएला दारातच उभी होती. तिने त्याच्या हातातून खोकं घेतलं, उघडलं, आणि आत पाहिलं.

"आला? पोरगा आला?"

"नाही. टोपी गेली."

लुएलाने आत जाऊन खिडकीतलं मोठं भांडं उतरवलं आणि त्यात पीठ ओतायला सुरुवात केली. मिलार्ड पायरीवर बसला आणि त्याने हाताने तोंड पुसलं.

"बसली मात्र झकास होती, लुएला," तो म्हणाला.