साडूंचा प्रायोगिक टप्पा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत असं एकही गाव नसेल, जिथे आमच्या थोरल्या साडूंनी एखादा समाजसेवेचा प्रकल्प काढायचं ठरवलं नाही. आणि असंही एकही गाव सापडणार नाही, जिथे तो निघाला. सावली तालुक्यात कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा चार माणसांसारखं देवदर्शनाला न जाता त्यांनी एक संस्था नोंदवली. सातपैकी पाच सभासद घरचेच. मला न विचारता सचिव करून टाकलं. वर्षातून एकदा वरोऱ्याहून सावलीला जायचं, मेहुणीच्या हातचे पोहे खायचे आणि दाखवतील तिथे सह्या करायच्या, एवढंच माझं समाजकार्य. कुणाची अडचण दिसली की बाकीचे लोक हळहळतात. साडू झोळीतून वही काढायचे.

मोहर्लीला आम्ही सगळं गणगोत घेऊन वाघ बघायला गेलो होतो. पाणवठ्यावर वाघीण आली, जिप्सीतल्या सगळ्यांनी श्वास रोखले, आणि हे महाशय गाईड बाईंना हळूच विचारताहेत, "बाई, तुमी दिवसभर इथी, त घरच्या म्हाताऱ्यायले जेवाले कोन देते?" वाघीण निघून गेली. साडूंना विचारलं, कशी होती? म्हणाले, "कोन?" घरी पोचेपर्यंत गाईड लोकांच्या म्हाताऱ्या आईबापांसाठी दिवसघर काढायचा चार पानी प्रस्ताव तयार होता: गरज, उद्दिष्ट, अपेक्षित बदल. एका तेराव्याच्या पंगतीत त्यांनी मयताच्या भावाला विचारलं की, मृत्यूच्या दाखल्यासाठी किती खेपा झाल्या. तो बिचारा रडायचा थांबून बोटांवर खेपा मोजायला लागला. मी शरमेनं पानात मान घातली. अशा प्रस्तावांची दोन लोखंडी कपाटं भरली होती आणि उत्तर एकाचंही आलं नव्हतं. मेहुणी म्हणायची, "भाऊजी, यायले घरचा गळता नळ नाई दिसत. त्याचा परस्ताव कोनी मांगत नाई न!"

वैनगंगेपलीकडच्या एका गावात मात्र त्यांनी वही काढली नाही. गेले होते मधमाश्यांच्या पेट्यांचं काहीतरी घेऊन. तिथे एक गोंड म्हातारी भेटली. तापानं फणफणलेल्या नवऱ्याला तिनं मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. चिठ्ठीच्या खिडकीवरून रक्ताच्या खिडकीकडे, तिथून दुसऱ्या इमारतीत, तिथून परत. कोण काय सांगतंय ते तिला कळेना, ती काय सांगतेय ते कुणाला कळेना. तिच्या मुठीत कागद होता आणि नवरा बाकावरच गेला. साडू घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातला सगळ्यात लहान प्रस्ताव लिहिला. दवाखान्याच्या दारात गोंडी येणारं एक माणूस बसवायचं. त्यानं पेशंटला हाताला धरून बरोबर जागी न्यायचं आणि डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगायचं. नाव दिलं 'सोबती'. आणि या प्रस्तावाला मुंबईच्या एका संस्थेचं उत्तर आलं! गाव बघायला दोघं जण येणार होते. साडूंनी मला फोन करून ते पत्र दोनदा वाचून दाखवलं.

चूक झाली ती निरोपात. साडूंनी गावाला कळवलं, 'पाहुणे येऊन राह्यले.' साहेब येताहेत म्हटलं असतं, तर लोकांनी अर्जांचा गठ्ठा काढला असता, रस्त्यापासून हातपंपापर्यंत सगळी गाऱ्हाणी मांडली असती. पण पाहुणे म्हटल्यावर गावानं अंगणं सारवली, शेजारच्या गावातून खुर्च्या आणल्या, कोंबडा कापला. सचिव म्हणून मीही गेलो होतो. मुंबईकरांनी विचारलं, "दवाखान्यात काय अडचणी येतात?" गावातले मोठे म्हणाले, "काई नाई जी. सब बरं हाये. तुमी आदी जेवा." ती म्हातारी स्वतः वाढत होती. तिलाही विचारलं, कुणीतरी गोंडीत सांगितलं, आणि ती हसून म्हणाली की, बरं आहे, आणि वर आणखी भात वाढला. मी साडूंकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते.

परतताना मी त्यांच्यावर चांगलाच उखडलो. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? ते म्हणाले, "भाऊ, आलेल्या पाहुण्यापुढं ते बाई आपलं दुख नाई काढत. मंग मी कसा काढू तिचं दुख, तिच्याच अंगनात बसून?" मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. आज वाटत नाही. महिन्याभरानं पत्र आलं, 'प्रत्यक्ष भेटीत गरज आढळून आली नाही.'

पुढच्या सोमवारी साडू डबा घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले आणि त्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीजवळ जाऊन बसले. मग आठवड्यातून तीन दिवस, चार वर्षं. त्यांची गोंडी इतकी मोडकी होती की तापातल्या बायकासुद्धा हसायच्या. हसल्या की साडू खूश व्हायचे, म्हणायचे, निम्मा ताप उतरला. डॉक्टर त्यांना पेशंट समजायचे आणि पेशंट डॉक्टर. मी चिडवायचो, की संस्थेचा सचिव म्हणून सांगतो, याला प्रकल्प म्हणत नाहीत. ते गंभीरपणे म्हणायचे, "प्रायोगिक टप्पा चालू हाये, भाऊ. यकदा लोकायले दिसलं का मंग मान्सं भेटतीन." माणसं काही भेटली नाहीत. मीही वरोऱ्याहून एक दिवस जाऊन बसलो नाही, हे लिहिताना लाज वाटते.

मागच्या वर्षी त्यांची किडनी बिघडली आणि त्यांना नागपूरला हलवावं लागलं. पाचव्या दिवशी दुपारी मेहुणी अंघोळीसाठी धर्मशाळेत गेली होती आणि मी एकटाच त्यांच्यापाशी होतो. नर्सनं रिपोर्ट आणायला पाठवलं. मी चुकीच्या रांगेत लागलो, मग दुसऱ्या चुकीच्या रांगेत. तासाभरानं परत आलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत स्टुलावर एक बाई बसली होती. शेजारच्या खाटेवर तिचा मुलगा होता, भामरागडकडचा. साडूंचा हात तिच्या हातात होता आणि साडू गेले होते.

मला बघून ती उठली नाही. ती बोलायला लागली, गोंडीत. साडूंच्या तोंडाकडे बोट दाखवायची, मग माझ्याकडे, आणि तेच ते शब्द पुन्हा म्हणायची. एवढं कळलं की ते शेवटी काहीतरी बोलले होते आणि ते मला सांगायचं होतं. मी तिच्या मुलाकडे पाहिलं, तो शुद्धीवर नव्हता. वॉर्डात विचारलं, कुणालाच गोंडी येत नव्हती. तिनं पुन्हा एकदा, माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सांगितला. मी कळल्यासारखी मान हलवली.