हमिदाच्या नावावर पुसलेली एकेचाळीस ड्रॉइंग

हमिदा शेख यांनी मला दाखवलेली वही दोनशे पानांची आहे आणि प्रत्येक पानावर त्यांच्या हाताने घातलेला क्रमांक आहे. त्यांचे वडील नबीलाल मुकुंदनगरात रजिस्टरांची बांधणी करीत. पानाला क्रमांक नसेल तर फाटलेले पान कळत नाही, हे त्यांनी लेकीला शाळेत असतानाच शिकवले होते. पुढील हकीकत मुख्यतः या वहीवरून लिहिली आहे. जिथे केवळ हमिदांच्या आठवणीचा आधार आहे, तिथे तसे म्हटले आहे.

१९९७ साली त्या नागापूरच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर ऑपरेटर होत्या. वय तेवीस. ३१ ऑक्टोबरला उमेदवारीची मुदत संपायची होती. त्यानंतर एक तर कायम झाल्याचे पत्र, नाही तर घर. कारखान्याची सारी ड्रॉइंग त्या वर्षी कागदावरून एका सर्व्हरवर आली होती आणि त्यांची देखभाल हमिदांकडे होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्या फाइली नाहीशा होऊ लागल्या.

नाहीशा होत, आणि काही परतही येत. वहीच्या सतराव्या पानावर पंपातल्या फिरत्या चाकाच्या ड्रॉइंगची एक नोंद आहे: “इम्पेलर, क्रमांक ३१२. सोमवारी नव्हती. गुरुवारी आहे. कोणी आणली?” त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, बहुधा उत्तरासाठी. व्हायरस शोधला गेला, वायरी बदलल्या, पुण्याहून आलेला माणूस दिवसभर डिस्क तपासून “यंत्रात दोष नाही” असे लिहून गेला.

कोणती फाइल कोणी कधी पुसली, याची नोंद सर्व्हर ठेवत असे. प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव होते: हमिदा.

९ सप्टेंबरला मॅनेजर मुथासाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. त्या पावणेबारा वाजता बाहेर आल्या. नंतर यादी काढली, तर अकरा चाळीसला त्यांच्या नावाने आणखी एक फाइल गेलेली होती.

“म्हणजे तुम्ही माझ्यासमोर उभ्या होता आणि पुसतही होता,” मुथासाहेब म्हणाले. “पासवर्ड कुणाला दिलात, शेख मॅडम?”

“कुणालाच नाही, साहेब.”

“मग भूत आलं असेल. त्याला म्हणावं, महिनाअखेर पगारपत्रकावर सही करून जा.”

ड्रॉइंग बाहेर विकली जात असल्याची कुजबुज सुरू झाली. हमिदा सांगतात, त्या दिवसांत त्या स्वतःचे हात पाहत बसत. पासवर्ड खरोखरच कुणाला सांगितलेला नव्हता. मात्र रोज सकाळी त्या तीन कॉम्प्युटरांवर स्वतः तो टाकीत, जसे पूर्वी एकच माणूस सगळी कपाटे उघडून देई. त्यांतला तिसरा कॉम्प्युटर रेकॉर्ड रूममध्ये, कागदी ड्रॉइंग सांभाळत आलेल्या गहिनीनाथ आव्हाडांच्या, म्हणजे नाथाभाऊंच्या, टेबलावर होता. त्यांचे स्वतंत्र लॉगिन अजून झाले नव्हते. तो कॉम्प्युटर फक्त छापील प्रत काढण्यासाठी आहे, असे सगळेच धरून चालले होते.

१४ ऑक्टोबरला हमिदांनी नाहीशा झालेल्या फाइलींचे क्रमांक एका रांगेत मांडले आणि त्या वेळी कारखान्यात कोणती कामे चालू होती ते शेजारी लिहिले. दोन्ही रांगा जुळल्या: ज्या ड्रॉइंगची छापील प्रत रेकॉर्ड रूममधून कामाला गेली होती, त्याचीच फाइल नाहीशी होती. वही घेऊन त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या.

“नाथाभाऊ, तीनशे बारा कुठंय?”

“ते आज जागेवर हाय. पर दुसरी चौदा भायेर हायती.” त्यांनी लोखंडी कपाट उघडले. चौदा फ्लॉप्या, प्रत्येकीला खाकी कागद आणि वर चिठ्ठी: बाहेर, तारीख, कोणाकडे.

“सर्व्हरवरून का काढल्या?”

“कागद दिला म्हंजी कपाटात ऱ्हात न्हाई, पोरी. दोन ऱ्हायले की दोन मापं फिरत्यात. शहाऐंशीला तसंच हुतं, पंपाच्या अठरा केसिंगा भंगारात गेल्या.” मग कॉम्प्युटर शिकवायला आलेल्या माणसाची चिठ्ठी पुढे केली. “त्यानंच लिहून दिलंय. आदी नक्कल करायची, मग पुसायचं.”

पुसण्याची ती दुसरी आज्ञा जुन्या फ्लॉप्या रिकाम्या करण्यासाठी होती. नाथाभाऊंनी ती पहिलीचा उरलेला भाग समजून पाळली होती. प्रत कारखान्यातून परत आली की फाइलही ते जागेवर ठेवीत.

“एवढा गोंधळ चाललाय, मला सांगायचं तरी.”

“रजिस्टरात लिवलंय की समदं. कुनी इचारलंच न्हाई.”

रजिस्टर खरोखर चोख होते. मी ते पाहिले आहे. एकेचाळिसांपैकी चाळीस नोंदी त्यात आहेत.

एकेचाळिसावी नाही. ती फाइल ४ ऑक्टोबरला सायंकाळी पाच दहाला पुसली गेली. त्या वेळी रेकॉर्ड रूमला कुलूप होते आणि हमिदा आपल्या जागी एकट्या होत्या.

त्यांनी अहवालात चाळीस फाइलींचा उलगडा लिहिला आणि शेवटी जोडले: “एक फाइल माझ्या नावाने गेली. ती मी पुसल्याचे मला आठवत नाही. नाही असेही म्हणता येत नाही.”

“ही ओळ काढा,” मुथासाहेब म्हणाले. “पत्र तयार आहे.”

“मग यादीत एक कमी भरेल, साहेब.”

ओळ राहिली. ३१ ऑक्टोबरला पत्र आले नाही. उमेदवारी तीन महिने वाढली आणि कायम झाल्याच्या पत्रावर ३१ जानेवारीची तारीख आहे. त्या एका फाइलीबद्दल मी हमिदांना तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्यांनी वही माझ्याकडून घेतली, त्या तारखेचे पान उघडले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“इथं लिहिलंय, पाच वाजता चहा घेतला,” त्या म्हणाल्या. “पुढचं नाही लिहिलेलं.”